एकोणतीसचा पाढा आणि अस्वल

अस्वल मी पहिल्यांदा पाहिलं ते साताऱ्यात, आमच्या पेठेत, वयाच्या सहाव्या वर्षी. दरवेशी घेऊन आला होता. नाकात वेसण, तोंडाला मुसकं, आणि उन्हात धापा टाकत दोन पायांवर डुलणारं ते केसाळ धूड. मी रात्री दचकून उठायचे म्हणून आजीने दरवेशाला चार आणे देऊन अस्वलाचा केस घेतला आणि तांब्याच्या ताईतात घालून माझ्या गळ्यात बांधला. पुढे दरवेशी दिसेनासे झाले. दुसऱ्यांदा अस्वल पाहिलं ते गेल्या जूनमध्ये, वासोटा किल्ल्याच्या वाटेवर. या वेळी त्याच्या नाकात काही नव्हतं आणि आमच्यामध्ये पंचवीस-तीस पावलांचं अंतर होतं.

त्या पंचवीस पावलांवर आम्ही शहाण्यासारखे वागलो, त्याचं श्रेय आदल्या संध्याकाळी एका सारवलेल्या अंगणात मिळालेल्या शिकवणीला. तीच सांगायची आहे.

मी बँकेत नोकरी करते. रोज पहाटे अजिंक्यतारा चढते आणि महिन्यातून एखादा रविवार गडांवर घालवते. वैराटगड, कल्याणगड, पांडवगड असे आसपासचे बहुतेक गड झालेत. या सगळ्या वर्षांत एकच नियम मनावर कोरला होता, की जंगलात गप्प बसायचं. ब्लूटूथ स्पीकर लावून चढणाऱ्या कॉलेजच्या पोरांना मी कितीतरी वेळा झापलं आहे. पण अजिंक्यताऱ्यावर गप्प राहणं वेगळं आणि कोयनेच्या रानात वेगळं, हे मला पन्नाशीत कळलं.

वासोटा कोयना अभयारण्यात येतो. हे अभयारण्य १९८५ सालचं. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पूर्वी दोनदा मी तिथे जाऊन आले होते, पण गव्याचं शेण आणि शेकरूची घरटी यापलीकडे काही दिसलं नव्हतं. या वेळी जायचं निमित्त झालं भाच्याचं. बहिणीचा मुलगा अमेरिकेत मोंटाना राज्यात शिकतो. तिथे म्हणे डोंगरात फिरायला जाताना अस्वलाचा विचार केल्याशिवाय कुणी बुटाची नाडीसुद्धा बांधत नाही. सुट्टीला आला होता. "मावशी, वासोट्याच्या जंगलात अस्वलं आहेत ना? मग तुमची तयारी काय असते?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पुरणपोळ्या, चटणी, पाणी आणि क्रोसिन. तो हसला नाही.

मग आठवडाभर आमची शिकवणी झाली. खायचं सामान तंबूत ठेवायचं नाही. स्वयंपाक तंबूपासून शंभर यार्डांवर, म्हणजे नव्वद-एक मीटर लांब करायचा. ज्या कपड्यात रांधलं त्यात झोपायचं नाही. टूथपेस्ट, साबण, क्रीमसुद्धा खाण्याच्याच पिशवीत. ती पिशवी झाडाच्या आडव्या फांदीवरून दोरीने लटकवायची, जमिनीपासून दहा-बारा फूट वर आणि खोडापासून चार फूट लांब. तिकडे मिरचीच्या अर्काचा एक फवारा कमरेला लावून हिंडतात. तो मात्र त्याला आणता आला नव्हता, कारण विमानात तो हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि सामानातही. त्याची फार चुटपुट लागली होती त्याला.

आणि एक मंत्र. त्याने मराठी करून सांगितला: तपकिरी दिसलं तर आडवं हो, काळं दिसलं तर दोन हात कर. म्हणजे ग्रिझलीसमोर मेल्यासारखं पडायचं आणि काळ्या अस्वलाशी मिळेल त्या वस्तूने झगडायचं. माझ्या नवऱ्याला हा मंत्र फार आवडला. तो तीन दिवस घरात कुणालाही 'दोन हात कर' म्हणत होता.

निघालो चौघं. मी, नवरा, भाचा आणि वन्सं. वन्सं निवृत्त शिक्षिका, सासष्टीच्या, पण गुडघे माझ्यापेक्षा चांगले. जूनचा पहिला आठवडा होता. पावसाळ्यात वासोटा बंद असतो, त्यामुळे त्या मोसमातले जवळजवळ शेवटचेच आम्ही. दोन-तीन वळीव होऊन गेले होते. कासवरून बामणोलीकडे उतरताना गाडीच्या काचेतून ओल्या मातीचा वास आत येत होता.

अभयारण्यात मुक्काम करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे बामणोलीच्या अलीकडे, शिवसागर जलाशयाच्या काठाला, एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात तंबू ठोकायचे ठरले होते. त्यांना आम्ही मामा म्हणतो. साठीचे, अंगाने काटक. दुसऱ्या दिवशी वाटाड्या म्हणून तेच येणार होते. आम्ही पोचलो तेव्हा मामा म्हशीच्या धारेला बसले होते. तासाभराने हात पुसत खाली आले, तोवर भाच्याने सगळा मांड मांडला होता.

तंबू पाण्याच्या जरा वर, सपाटीला. चूल नव्वद पावलं मोजून वाऱ्याच्या उलट बाजूला. वन्संच्या पिशवीतून सुकटीची चटणी, शेंगदाण्याची चिक्की आणि महाबळेश्वरी मधाची बाटली निघाली, तेव्हा मध बघून पोराचा चेहरा उतरला. "आत्या, अहो मध?" वन्सं म्हणाल्या, "भाकरीबरोबर लागतो मला." त्याने सगळं एका गोणीत भरलं, दोरी आणली आणि बांधावरच्या एका ऐसपैस झाडावर, अगदी बारा फुटांवर, चार फुटांचं अंतर हाताने मोजून गोणी लटकवली. काम चोख. मला अभिमानच वाटला.

मामा आले. गोणीकडे बघितलं. मग झाडाखाली बघितलं. आणि खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावून हसायला लागले.

"पावनं, जांभळ हाय ही."

झाडाखाली जांभळांचा सडा पडला होता. आम्ही सगळ्यांनी त्यातली तोंडात टाकलीही होती, पण कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता.

"ह्या दिसांत ते रातचं हितंच येतंय. खालची येचतंय, न्हायतर वर चढून फांद्या हलीवतंय. तुम्ही त्येच्या ताटातच वाढून ठिवलंय की."

भाच्याने गोणी उतरवली. मामांनी ती उचलून सरळ घरात नेली आणि स्वयंपाकघरात कोनाड्यात ठेवली. तंबूही उचलायला लावले. पहिली जागा, त्यांच्या मते, दोन कारणांनी वाईट होती. एक तर जांभळ जवळ. दुसरं म्हणजे तिथून ओढ्याकडे जाणारी जी मळलेली वाट आम्हाला सोयीची वाटली होती, ती रात्री रानातल्या जनावरांच्या येण्याजाण्याची. गवे, डुकरं, अस्वल, सगळे त्याच वाटेने पाण्यावर उतरतात. "वाट दिसली म्हंजी ती मान्साचीच आसंल आसं न्हाय," मामा म्हणाले. वारूळ, फळाला आलेलं उंबर-जांभूळ-फणस, खडकातली कपार आणि घाणेरीची दाट जाळी, या चार गोष्टी दिसल्या की तिथे पथारी टाकायची नाही. तंबू शेवटी त्यांच्या अंगणाला लागून, गोठ्याच्या उजेडात लागले. निसर्गाच्या कुशीत वगैरे जे काही डोक्यात होतं ते गेलं. रात्रभर म्हशींचे सुस्कारे ऐकले.

पण पोराचं सगळं चुकलं असं नाही, आणि मामांनीही तसं म्हटलं नाही. खाणं तंबूत नको, उष्टं-खरकटं लांब, कचरा उघडा नको, हे मामींनाही पटलं. फरक इतकाच, की तिकडच्या अस्वलाला माणसाच्या डब्याची चटक पटकन लागते. ते डब्यासाठी येतं. आपलं अस्वल खादाड खरं, पण त्याचं मुख्य अन्न म्हणजे वाळवी, मुंग्या, मध आणि रानफळं. तुमच्या पुरणपोळीवाचून त्याचं अडलेलं नसतं. मग ते माणसावर का येतं?

ते सांगितलं मामांच्या धाकट्या भावाने. जेवणं झाल्यावर ते कंदिलाजवळ येऊन बसले. डाव्या बाजूने बघितलं तर साधे गृहस्थ. उजवीकडे वळले तेव्हा दिसलं, की भुवईपासून कानामागपर्यंत कातडी आवळून शिवलेली आहे आणि कानाची वरची पाळी नाही. मी बघते आहे हे त्यांना कळलं. "बगा की ताई, लाजायचं काय त्यात," म्हणाले.

बरीच वर्षं झाली. हिरडा वेचायला गेले होते, एकटेच. ओढ्याकाठच्या घळीतून वर चढत होते. ओढ्याला पाणी होतं, त्याचा आवाज. पाठीवर पोतं, नजर खाली हिरड्यावर. घळीच्या वळणावर वळले आणि मादी समोर, दोन हातांवर. तिच्या पाठीवर पिल्लू. आपल्याकडची अस्वलीण पिलांना पाठीवर घेऊन हिंडते, ते तेव्हा त्यांनी पहिल्यांदा पाहिलं. "तिला म्या ऐकू आलो न्हाय आन मला ती. दोघंबी दचकलो. तिनं तिचं केलं."

सगळ्याचं मूळ हे 'दचकणं' आहे. अस्वलाचं नाक तिखट, पण नजर आणि कान बेताचे. त्यातून वारूळ फोडायला बसलं की डोकं मातीत. आपण पाय न वाजवता, शहाण्यासारखे गप्प, त्याच्या अंगावर जाऊन उभे राहतो. आता भाच्याने एक गोष्ट सांगितली, ती मला फार पटली. अमेरिकेतलं काळं अस्वल दाट झाडीतलं. भ्यालं की झाडावर पळतं, म्हणून त्याला हुसकता येतं. आपलं अस्वल वाघ आणि बिबट्यांच्या सोबतीत वाढलेलं. झाडावर गेलं तर बिबट्या मागोमाग येतोच. त्यामुळे याच्या रक्तात पळणं कमी आणि उलटून अंगावर जाणं जास्त. वाघालासुद्धा ते तसंच सामोरं जातं.

"मंग तुमचा त्यो मंतर काय म्हनतो?" मामांनी विचारलं. नवऱ्याने आधीच त्यांना तो ऐकवला होता. "काळं दिसलं तर दोन हात कर? आवं, आमचं तर काळंच हाय की."

कुणीच काही बोललं नाही. भाचा म्हणाला, "हो मामा. इथे तो मंत्र उलटा पडतो."

मग अंगणात प्रात्यक्षिक झालं. मामांच्या भावाने घोंगडं टाकलं आणि आम्हाला एकेकाला आडवं केलं. शाळेतल्या गोष्टीत एक मित्र झाडावर चढतो आणि दुसरा मेल्याचं सोंग घेतो. चढणाऱ्याचं काही खरं नाही, कारण आपलं अस्वल मधासाठी सरसर वर जातं. पडणाराही गोष्टीतल्या चित्रात उताणा असतो, तेही चूक. पालथं पडायचं. पोट आणि तोंड जमिनीला. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून मानेमागे घट्ट. कोपरं पुढे ओढून चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना. पाय जरा फाकलेले, म्हणजे ते पटकन उलथं करू शकणार नाही. पाठीवरची सॅक काढून फेकायची नाही, तीच ढाल. आणि हे सगळं ते अंगाला येऊन भिडतंय असं वाटलं तरच. लांब दिसलं म्हणून आडवं पडायचं नाही.

माझी पाळी आली. शेणाने सारवलेल्या जमिनीचा वास नाकात, घोंगड्याची लोकर गालाला टोचतेय, आणि मामांच्या भावाने पावलाने माझ्या बरगडीला रेटा दिला. मी लगेच कलंडले. "पाय पसरा, ताई." पुन्हा. या वेळी हलले नाही, पण हात मानेवरून सुटले. "हात सुटला तर ह्ये बगा," म्हणत त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट केलं. तिसऱ्यांदा जमलं. नवरा हसत हसत आडवा झाला आणि दुसऱ्या रेट्याला हसायचा थांबला. वन्संनी साडीचा पदर खोचून पहिल्याच फटक्यात जमवलं. शिक्षिका होत्या, सूचना नीट ऐकायची सवय.

अस्वल गेलं असं वाटलं तरी लगेच उठायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ते थोडं लांब जाऊन थांबतं, वळून बघतं. मान हलली की परत येतं. पूर्ण शांत झाल्यावरच उठायचं. आणि मग रक्त. डोक्याच्या कातडीला फार रक्त येतं. घाबरून पुसत बसू नये, स्वच्छ कापडाची घडी दाबून धरायची आणि दवाखाना गाठायचा. धनुर्वाताचं आणि रेबीजचं, दोन्ही इंजेक्शनं लागतात. रेबीज फक्त कुत्र्याचं असं समजून लोक सोडून देतात. त्यांना स्वतःला झोळीत घालून, होडीने आणि मग जीपने नेलं होतं. पोचायला साडेचार तास. वनखात्याला लगेच कळवलं तर पंचनामा होतो आणि भरपाई मिळते. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. मी तो आणि १०८ कागदावर लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवला, फोनमध्ये नाही. पलीकडच्या काठाला फोन फक्त घड्याळ म्हणून उपयोगी पडतो. प्रथमोपचाराच्या डबीत माझ्याकडे चिकटपट्ट्या होत्या. मामींनी धुतलेल्या जुन्या सुती लुगड्याचे चार मोठे तुकडे करून दिले.

आता एक बायकांचा विषय. गडांवरच्या लेखनात तो कुणी काढत नाही. पहाटे बाहेर जायचं. खेड्यापाड्यात अस्वलाच्या तावडीत सापडणाऱ्यांत पहाटे तांब्या घेऊन निघालेली माणसं असतात. अंधार, एकटं, खाली बसलेलं, झुडपाच्या आडोशाला, आणि अस्वलही त्याच वेळी रात्रीचं चरणं आटपून आडोसा शोधत असतं. मामींच्या घरी संडास होता, म्हणून आमची सोय झाली. पण वाटेवर गरज पडली तर? मामींचा नियम असा, की लाज सोडायची आणि दोघींनी जायचं. आधी काठीने झुडूप बडवायचं, मोठ्याने बोलायचं, मगच बसायचं. दुसरी पाठ करून उभी राहून बोलत राहील. वन्सं आणि मी दुसऱ्या दिवशी हे दोनदा केलं. त्यांनी मला तेव्हा त्यांच्या पेन्शनच्या फरकाची पूर्ण हकीकत सांगितली.

रात्री घरचा कुत्रा भुंकायला लागला. भाचा तंबूतून टॉर्च घेऊन निघत होता. मामांनी आतूनच ओरडून त्याला थांबवलं. कुत्रा बांधलेला होता, तो का, हे सकाळी कळलं. सुटा कुत्रा अस्वलावर धावतो, अस्वल उलटलं की शेपूट घालून धन्याकडे पळतो, आणि अस्वल त्याच्या मागोमाग धन्यापर्यंत येतं. उजाडल्यावर आम्ही जांभळीखाली जाऊन पाहिलं. एक हिरवी फांदी मोडून पडली होती, आणि खोडावर ओरखडे होते, ताजे, आतली पांढरी साल दिसत होती. माझ्या डोक्याच्या चांगलेच वर.

सकाळी बामणोलीला अर्ज, ओळखपत्रांच्या प्रती, शुल्क, बोट. तास-सव्वा तास पाण्यातून गेलं की मेट इंदवलीचा काठ येतो. तिथल्या चौकीवर प्लास्टिकची मोजणी होते. बाटल्या, पिशव्या, पुडे, सगळं मोजून वहीत लिहितात आणि अनामत घेतात. परतताना तेवढंच दाखवायचं. आमच्या बाटल्या सहा.

ओढा ओलांडला आणि रानात शिरलो. वरून सूर्य दिसत नव्हता, ढगही होते. दहा वाजता दिवेलागणीसारखा उजेड. मामा पुढे, मग भाचा, वन्सं, मी, नवरा शेवटी. मामा म्हणाले, "आता बोला."

आणि आम्हाला काही सुचेना! घरी एकाच वेळी चौघं बोलणारी माणसं आम्ही. पण ठरवून, मोठ्याने, जंगलात बोलायचं म्हटल्यावर जीभ जड झाली. वर्षानुवर्षांची शिस्त. मी काहीतरी बोलायचे आणि आपोआप आवाज खाली यायचा. भाच्याने सॅकला एक छोटी घंटी बांधली होती. मामांनी ती काढायला लावली नाही, पण म्हणाले, "घाटी तर आमच्या म्हशीलाबी हाय. त्येला घाटी म्हंजी म्हैस. मान्साचा आवाज पायजे." स्पीकर लावणारी पोरं मला आठवली. त्यांच्या बाजूने बोलायला मी अजूनही तयार नाही. यंत्रातलं गाणं सलग वाजत राहतं, समोरचं काही ऐकू देत नाही. शिवाय बाकीच्या रानाने काय पाप केलंय? माणसाचं बोलणं मात्र थांबवता येतं.

तोडगा वन्संनी काढला. "पाढे म्हणा," म्हणाल्या. वर्गात चाळीस पोरांना गप्प करण्यासाठी वापरलेला उपाय त्यांनी आम्हाला बोलतं करायला वापरला. बारापासून सुरुवात झाली. एकोणीसपर्यंत झकास. मामाही सुरात सूर मिळवत होते. वळण आलं, कारवीची दाटी आली, की मामा काठी दगडावर आपटायचे आणि आम्ही आवाज चढवायचा. मोकळ्या जागी हळू. चोवीस, पंचवीस पार पडले. मग वन्संनी एकोणतीस काढला.

वाट एका ओढ्याच्या अंगाने चढत होती. पाणी थोडंसंच, पण दगडांवरून पडत होतं. एकोणतीस सत्तेपाशी गाडी अडली. "एकोणतीस सत्ते… एकोणतीस सत्ते…" नवरा आणि मी दोघं बँकेतली माणसं, आणि दोघांनाही येईना. वन्सं मुद्दाम सांगत नव्हत्या. पाचही माणसं क्षणभर गप्प.

त्या गप्पपणात मला तो आवाज आला. बशीत ओतलेला गरम चहा आमचे आजोबा फुरफुरत ओढायचे, तसाच. फुर्र, मग फुंकर, मग पुन्हा फुर्र. मला खरंच वाटलं, इथे कोण चहा पितंय?

मामांचा हात वर गेला. सगळे थांबले. वाटेच्या उजव्या अंगाला, चढावर, एक फुटलेलं वारूळ आणि त्यात डोकं घालून काळं काहीतरी. फक्त पाठ दिसत होती, धुळीने लालसर झालेली. आपल्या अस्वलाच्या वरच्या जबड्यात पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते आधी माती फुंकतं आणि मग वाळवी ओढतं, नळीने ओढल्यासारखी. त्या आवाजात आणि ओढ्याच्या आवाजात आमचा एकोणतीसचा पाढा त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता. बोलत चढायचं, हे बरोबर. पण मधेमधे थांबून कान द्यायचा, हे त्याच्याइतकंच गरजेचं.

भाच्याचा उजवा हात कमरेपाशी गेला, जिथे फवारा नव्हता तिथे. मामांनी मान न वळवता बोटांनी खूण केली: मागे, हळू, सगळे जवळ जवळ. पाठ फिरवायची नाही. एक पाऊल, दुसरं पाऊल. तिसऱ्या पावलाला नवऱ्याच्या सॅकच्या कडेची बाटली निसटली आणि दगडांवरून टणाटण उड्या मारत खाली ओढ्यात गेली.

अस्वल उभं राहिलं.

उभं राहिलं म्हणजे आता येणार, असं मला वाटलं. पण मामांनी आदल्या दिवशी सांगितलं होतं, की उभं राहतं ते वास घ्यायला. मातीने माखलेलं लांबट मळकट-पांढरं तोंड, छातीवर वाकड्या विळ्यासारखा पांढरा पट्टा, आणि पुढे लोंबणारे पंजे. नखं बोटाएवढी, पिवळट, मातीने भरलेली. नाक हवेत हलत होतं. पळायला पाय मागत होते. पळून उपयोग नाही हे डोक्याला माहीत होतं, कारण ते आपल्यापेक्षा जोरात पळतं. पायांना ते पटवून द्यावं लागत होतं.

मामा बोलायला लागले. ओरडून नाही, गोठ्यात म्हशीशी बोलतात त्या आवाजात. "आम्हीच हाय बाबा. चाललो आम्ही माघारी. तू खा तुझं." आणि मागे मागे. वन्संनी माझा दंड धरला होता. दोन दिवस बोटांचे वळ होते. भाचा मामांच्या शेजारी सरकला होता, त्यामुळे आम्ही पाच वेगवेगळी माणसं न दिसता एक रुंद काहीतरी दिसत असणार.

त्याने एकदा 'वुफ' केलं, छातीतून. मग चारी पायांवर उतरलं आणि वळून कारवीत घुसलं. कारवीच्या काठ्या मोडत गेल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला, मग खालच्या अंगाला थांबला.

आम्ही वाटेने दोनेकशे पावलं माघारी येऊन बसलो. कुणी विजयाने वगैरे बोललं नाही. वन्संनी चिक्की काढली. अर्ध्या तासाने मामा काठी वाजवत, मोठ्याने बोलत पुढे गेले आणि आम्हाला हाक मारली. वारुळाला हातभर खोल भगदाड पडलं होतं. वळवाने माती मऊ झालेली, त्यात नखांचे समांतर चर. कडेला थुंकीने ओली झालेली माती आणि तिच्यात बुडालेली वाळवी अजून वळवळत होती. शेजारी त्याच्या विष्ठेचा ढीग, सगळ्या जांभळाच्या बिया. मामा म्हणाले, "चला, त्येला परत यायचं आसंल." तिथे कुणी फोटो काढला नाही.

वर बिनछपराच्या मारुतीला नमस्कार केला, बाबूकड्यावर जाऊन आलो. ढगात काही दिसलं नाही. तीनच्या आत खाली उतरायला लागायचं मामांनी ठरवलेलं होतं आणि आम्ही अडीचलाच निघालो. उतरताना पाढे नको म्हणून भाच्याने मामांना मोंटानाचं सगळं सांगितलं, बर्फापासून भाड्यापर्यंत, मोठ्याने. दर दहा मिनिटांनी मामा हात वर करायचे आणि तो वाक्याच्या मध्यात थांबायचा.

चौकीवर बाटल्या मोजल्या. पाच.

वहीवाल्याने वर बघितलं नाही. "सहा नेल्या होत्या."

नवरा म्हणाला, "एक अस्वलापाशी राहिली."

"रोज कुणाची ना कुणाची अस्वलापाशीच राहते, साहेब," असं म्हणून तो अनामतीतून पैसे कापायला लागला. तेवढ्यात त्याचं लक्ष मामांकडे गेलं. मामांनी नुसती मान हलवली. त्याने पेन खाली ठेवलं.

"कुठं? ओढ्यावरच्या वारुळाला?"

"व्हय. एकच. मोठं."

त्याने दुसरी, जाड पुठ्ठ्याची वही काढली आणि तारीख, वेळ, जागा, माणसं किती, इजा नाही, असं सगळं सावकाश लिहून घेतलं. वन्संनी डोकावून त्याची एक वेलांटी दुरुस्त करायला लावली. मग त्याने पहिली वही पुन्हा ओढली आणि बाटलीचे पैसे कापले.

बोटीत बसल्यावर बराच वेळ कुणी बोलत नव्हतं. मधल्या पाण्यात आल्यावर नवरा एकदम म्हणाला, "दोनशे तीन."